दहाव्या विटेवरची खूण

अमळनेरहून धुळ्याकडे निघालं, की गाव संपून कपाशीची शेतं सुरू होतात त्या वळणावर नानांची शाळा होती. पाटीवर तिचं नाव चांगलं हातभर लांब होतं, पण गावाने तिचं बारसं आपल्या पद्धतीने केलं होतं. चिखलशाळा. एसटीचा कंडक्टरसुद्धा 'चिखलशाळावाले, पुढे या' असंच ओरडायचा, आणि तिथे शिकवणाऱ्या पुष्पाबाई पदर सावरत उतरायच्या.

शाळेत घंटा नव्हती, बाकं नव्हती, पहिली-दुसरीही नव्हती. नवं पोर आलं की महिनाभर त्याला काहीच शिकवायचं नाही. नुसतं बघत राहायचं. ते कशाला हात लावतं, कुठे रमतं, कशावरून भांडतं. मग जे सापडेल ते त्याचं 'काम', आणि बेरीज-वजाबाकी, वाचणं-लिहिणं, ऊन-पाऊस सगळं त्या कामाच्या पोटातून काढायचं. झिपरू नावाचा पोरगा सरकीवर अडीचकीचा पाढा शिकला. तेरसिंगचं काम होतं बकरी. तो रोज तिला दोरीने मोजायचा, आणि बकरीला त्याचा इतका कंटाळा आला होता की तो दिसताच ती कुंपणाला पाठ लावून उभी राहायची.

"काय नाना, यंदा बोकड कितवीत गेला?" हॉटेलात लोक विचारायचे.

नाना हसायचे. कॉलेजातून निवृत्त झालेले, अंगात खादीचा झब्बा, डोक्यात चार देशांची पुस्तकं. कोणी हसलं की त्यांना उलट बरं वाटायचं. आपण काळाच्या पुढे आहोत याचा तो दाखला, असं ते धरून चालायचे.

पुष्पाबाई काळाच्या पुढे वगैरे नव्हत्या. त्यांना नोकरी हवी होती. डी.एड. होऊन तीन वर्षं झाली तरी जिल्हा परिषदेचा कॉल येत नव्हता, आणि नानांनी बोलावलं म्हणून त्या आल्या. त्यांचे वडील चिंधा यांनी अमळनेरातली निम्मी नवी घरं डोक्यावरून वाहिली होती. मालक म्हणून नव्हे, विटा वाहणारा माणूस म्हणून. टाळूवरचे केस चुंबळीने कायमचे गेले होते. लहानपणी पुष्पा त्यांची भाकरी घेऊन बांधकामावर जायची. एकदा तिने गंमत म्हणून एक वीट उचलून डोक्यावर ठेवली, तर आयुष्यात कधी पोरीवर हात न उचललेल्या त्या माणसाने तिच्या हातावर फटकन चापट मारली होती. वीट पडून फुटली. मालकाची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "या हातात पेन राहील. दुसरं काही नको."

म्हणून रुपली नावाच्या पोरीचं काम जेव्हा ठरलं, तेव्हा पुष्पाबाईंनी पहिल्यांदा नानांना अडवलं.

रुपली सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर आली. सातपुड्याच्या पायथ्याकडचं कुटुंब. बाप सिंगा, आई बिजलीबाई. शाळेसमोरच्या मळ्यात राखणीला राहिले होते. पोर असेल सातेक वर्षांची. महिनाभर ती कोणाशी बोलली नाही. पाण्याच्या टाकीखाली ओल असायची तिथे जाऊन बसायची, माती कालवायची, काडेपेटीत दाबायची आणि उलटी करायची. काडेपेटी भिजून फाटली की दुसरी मागायची, तीसुद्धा नुसता हात पुढे करून. टाकीखाली या इवल्याशा विटांची रांग लागली, तेव्हा नानांचा आनंद झब्ब्यात मावेना.

"सापडलं! हिचं काम वीट."

"नाना," पुष्पाबाई म्हणाल्या, "पोरीला विटा पाडायला लावायच्या?"

"लावायच्या कुठे? ती पाडतेच आहे. आपण नुसतं बाजूला उभं राहायचं."

"पण ही माणसं आधीच..."

"पुष्पाबाई, हाताने काम करायचा कमीपणा वाटतो, ही आपल्या शिक्षणाची कीड. तुम्हालाही लागलीच आहे बघा."

पुष्पाबाईंच्या जिभेवर आलं होतं, की नाना, तुमच्या घराण्यात कोणी डोक्यावर वीट वाहिली नाही, म्हणून तुम्हाला ती एवढी गोड लागते. पण नाना वयाने मोठे, मनाने चांगले, आणि वरून नोकरी देणारे. या तीन गोष्टी एकाच माणसात आल्या की त्याच्याशी खरं बोलणं अवघड जातं.  उलट सुताराकडून लहान साचा करून आणला तो पुष्पाबाईंनीच.

आणि मग जे झालं ते पाहून पुष्पाबाई स्वतःच फिरल्या. साच्यात गोळा टाकायचा, थप्प आवाज यायचा, आणि पोर बोलायला लागायची. माती पातळ झाली तर काय, भुसा कमी पडला तर काय, ढग आले तर काय. जी पोर पाटीवर पाच काढताना रडायची, ती विटांच्या रांगा लावून झरझर बेरजा करायची. शाळेत एक रीत होती. नाव लिहायला येण्याआधी प्रत्येक पोराला आपली एक खूण असायची, आणि आपल्या कामावर ती उमटवायची. झिपरूची गोल, तेरसिंगची शिंगं. रुपलीने तीन बोटं फाकवून मातीत दाबली. चिमणीचं पाऊल.

बाकीची पोरं खूण वरच्या अंगावर करायची. रुपली मात्र वीट जरा सुकून उभी केली की तिच्या कडेवर दाबायची.

"वर का नाही करत गं?"

"वर कयी ते भितमा दडी जास ना बाई," ती म्हणाली. वर केली तर भिंतीत दडून जाते. "मंग कोनले दिसी?"

आणि प्रत्येक विटेवर नाही, दर दहावीवर. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला मोजायचा कंटाळा यायचा, म्हणून तिने आपणच काढलेली युक्ती. चिमण्या मोजायच्या, की झाले दहा-दहा. पुष्पाबाईंनी त्या रात्री घरी जाऊन नवऱ्याला ते तीनदा सांगितलं. शालिग्राम एसटी डेपोत कारकून होता. तो म्हणाला, "आमच्या कॅशियरला पाठव तिच्याकडे."

पुढच्या वर्षी रुपली टाकीजवळ घर बांधायला लागली. तिच्या गुडघ्याएवढ्या भिंती, एक दार, एक खिडकी. कच्च्याच विटा, पण ओळंबा लावून.

नव्वदच्या जानेवारीत नानांनी प्रदर्शन भरवलं. जळगावचे पाहुणे, धुळ्याचे पाहुणे, कॉलेजचे जुने विद्यार्थी, हौसे-गवसे. मांडवाखाली रुपली साचा घेऊन बसली आणि तिच्याभोवती ही गर्दी. थप्प, थप्प, थप्प. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. नाना एका कोपऱ्यात कोणाला तरी हात, मेंदू आणि हृदय यांचा संबंध समजावत होते. रुपलीपाशी उभं राहून सांगायचं काम पुष्पाबाईंकडे होतं, आणि त्या दिवशी त्यांच्या आवाजाला वेगळीच धार होती. चिंधाची पोर, शंभर सुशिक्षित माणसांना विटेचं गणित सांगत होती.

पांढरी टोपी घातलेला एक माणूस बराच वेळ उकिडवा बसून पोरीचे हात बघत होता.

"एकही वाकडी नाही पडत," तो म्हणाला.

"कधीच नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "आणि मोजण्यात चुकत नाही. शंभर म्हणजे शंभर."

"दिवसाला किती पाडत असेल?"

"मनात आणलं तर कितीही. तिला साच्यावरून उठवावं लागतं."

"वा! बाप काय करतो?"

"समोरच्याच मळ्यात राखणीला आहे. ती झोपडी दिसते ना, तीच."

माणूस उठला, गुडघे झटकले, हात जोडले. "फार छान शिकवता बाई तुम्ही," म्हणाला.

आठ दिवसांनी रुपली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुष्पाबाई मळ्यात गेल्या तर झोपडीचं दार म्हणून लावलेलं तुराट्यांचं झापड वाऱ्यावर हलत होतं. मळेकरी म्हणाला, "वना मुकादम घेऊन गेला. वीटभट्टीवर. बाप, माय, पोर, तिन्ही. पोरीसाठीच घेतलं म्हणे, नाहीतर सिंगाला कोण घेतो, तो दुपारी झोपतो."

"कुठली भट्टी?"

"आता ते काय मला सांगून जातात?"

नाना हळहळले. मग म्हणाले, स्थलांतर हा आपल्या समाजरचनेचाच प्रश्न आहे, आणि त्यावर एक लेख लिहिला. पुष्पाबाईंनी त्यांना पांढऱ्या टोपीवाल्याचं सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

शाळेचा नियम होता, अर्धं राहिलेलं काम ज्याचं त्याचं. पोर परत येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे टाकीजवळचं घर तसंच राहिलं. पोरं पळताना त्याला वळसा घालायची. पावसाळ्यात पुष्पाबाईंनी त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकला, तो उडाला. भिंती खाली बसल्या, खिडकी मिटली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिथे नुसता उंचवटा उरला, पण पोरं अजून वळसाच घालायची. नवीन आलेली, जिने रुपलीला पाहिलंही नाही अशी केसर, तीसुद्धा घालायची. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तठे कोनी तरी राहस."

पुष्पाबाई तिला ओरडल्या नाहीत. भर दुपारी, पोरं डबे खायला बसली की टाकीकडून त्यांनाही ऐकू यायचं. थप्प. मग थांबून, थप्प. नळ गळतो असं शालिग्राम म्हणाला. त्यांनी नळाचा वायसर बदलून घेतला. त्यानंतरही यायचं.

ब्याण्णव साली पुष्पाबाईंनी घर बांधायला काढलं. गावाबाहेर लहानसा प्लॉट, दोन खोल्या, पण पक्क्या विटांच्या. त्यांच्या सगळ्या भावकीतलं पहिलं. चिंधा तेव्हा हयात होते. ते रोज सकाळी खुर्ची टाकून पायाच्या खड्ड्यासमोर बसायचे आणि गवंड्याला सूचना करायचे. गवंडी म्हणाला, "आबा, तुम्ही आयुष्यभर वाहिल्या, आता बसा ना गुमान." आबा म्हणाले, "वाहिल्या म्हणून तर कळतं."

ट्रॅक्टरने विटा येऊन पडल्या. दुपारची वेळ. पुष्पाबाई शाळेतून थेट तिथे आल्या, आणि आलेल्या पाहुण्याच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी ढिगावर हात ठेवला. बोटं खळग्यात गेली.

तीन खळगे. फाकलेले. कडेवर.

त्या तिथेच बसल्या. मग उठल्या आणि ढीग उकरायला लागल्या. नऊ विटा सोडून एक, कधी सगळा क्रम विस्कटलेला, पण होती. चिमणी, चिमणी, चिमणी. आबा खुर्चीतून बघत होते. पोरीच्या हातात विटा बघून ते अर्धवट उठले, मग पुन्हा बसले.

"काय हरवलं गं?"

"काही नाही आबा."

त्या दिवसापासून पुष्पाबाईंना गाव वेगळं दिसायला लागलं. अमळनेरात तेव्हा जिकडेतिकडे बांधकामं निघालेली. नव्या दवाखान्याचं कुंपण, कोणाची तरी गच्ची, स्टँडमागची मुतारी. गिलावा न केलेल्या प्रत्येक भिंतीपाशी त्यांची पावलं अडखळायची. पारोळ्याला मावशीकडे गेल्या, तर तिच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात चिमण्या होत्या. मावशीने चहा पुढे केला, तो निवला. विहाराच्या नव्या भिंतीसमोर वंदनेला उभ्या राहिल्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले, यांचे उघडे, भिंतीवर. जिथे जावं तिथे ती आधी येऊन गेलेली. अख्खा मुलूख ती एकटीच बांधत सुटली आहे असं वाटायचं.

"चांगलं आहे की," शालिग्राम म्हणाला. "म्हणजे पोरगी जिवंत आहे, कामाला आहे. तू सुतक धरल्यासारखी का बसतेस?"

हे खरंच होतं. खूण आहे म्हणजे हात आहे. हात आहे म्हणजे पोर आहे. पोर आहे म्हणजे आणता येईल. पुष्पाबाईंनी मनाशी ठरवलं, घराला रंग नंतर, आधी रुपलीला परत आणायचं. मुकादमाच्या पाया पडावं लागलं तर पडायचं. आपल्या घरी ठेवायचं. दोन खोल्या आहेतच.

एक गोष्ट मात्र त्या स्वतःला विचारत नव्हत्या. त्या खळग्यांत बोटं घातली, की त्यांची स्वतःची बोटं चपखल बसायची. शाळेच्या मागच्या भिंतीवर दर जूनला पोरांच्या हातांचे ठसे घ्यायची पद्धत होती. रुपलीचे दोन होते, शेजारी-शेजारी, एका वर्षाच्या अंतराने. दोन्हींत फरक जवाच्या दाण्याएवढा. पोरांचे हात किती हळू वाढतात हे त्या भिंतीसमोर रोज उभ्या राहणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको होतं. पुष्पाबाई तिथून जाताना दुसरीकडे बघायच्या. मोठी झाली असेल, म्हणायच्या. कामाने हात लवकर मोठे होतात.

ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं, भट्टी धुळ्याच्या अलीकडे, पांझरा नदीच्या काठी. एका रविवारी त्या एकट्याच गेल्या.

भट्टी लांबूनच कळते. धूर, आणि धुराखाली थरथरणारी हवा. रांगांमागून रांगा उभ्या केलेल्या, मधून वाकलेली माणसं. कोणी वर बघत नव्हतं. पांढरी टोपी मात्र लगेच दिसली.

"अरे, बाई! या या!" वना मुकादमाने त्यांना ओळखलं, आणि खरोखर आनंदाने ओळखलं. "ए, बाईंना पाणी आणा रे. बाई, तुमच्या शाळेनं आमचं कल्याण केलं बघा."

"रुपली..."

"तेच सांगतो. पूर्वी रोज भांडणं. ही रांग माझी, ती रांग तुझी. मोजताना डोकं फुटायची वेळ. त्या पोरीनं येऊन दहावीवर खूण करायला सुरुवात केली. मी म्हटलं, हे तर सोन्यासारखं आहे! आता प्रत्येक नवरा-बायकोच्या जोडीला खूण दिलीय. ही बघा, यांची चांदणी. यांचा त्रिशूळ. मी लांबूनच मोजतो. शिकलेल्या माणसाला सुचलं नाही ते तुमच्या शाळेनं शिकवलं."

पुष्पाबाई रांगांमधून चालत होत्या. चांदणी, त्रिशूळ, गोल. सगळ्या कडेवर. लहान पोरं चिखल तुडवत होती आणि चिखल तुडवताना मोजत होती, रुपली मोजायची त्याच चालीवर. नदीजवळच्या शेवटच्या रांगेत चिमण्या होत्या. ओल्या. आत्ताच उमटलेल्या.

तिथे रुपलीची आई बिजलीबाई बसली होती. एकटी.

तिने बाईंना पाहिलं. हातातला गोळा साच्यात टाकला, थप्प, वर हात फिरवला, साचा उचलला. मग हात पुसले.

"बाई, उनात का," ती म्हणाली. आलात का, एवढंच.

"रुपली कुठे आहे?"

बिजलीबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू यांना एवढंही माहीत नाही याचंच तिला नवल वाटलं.

"ती ते पहिलाच उन्हायामा गयी, बाई. ताप उना. गोया दिन्ह्यात यासनी. दोन दिन म्हनत ऱ्हायनी, कोठे गया मना साचा, कोठे गया मना साचा. मंग गयी."

पहिल्याच उन्हाळ्यात. प्रदर्शनाला चार महिनेही झाले नसतील. म्हणजे दोन वर्षं पुष्पाबाई टाकीजवळच्या उंचवट्याची राखण करत होत्या तेव्हाही ती नव्हती. कागद टाकला तेव्हाही नव्हती.

"मग ही खूण?"

"मी करस." बिजलीबाईने जरा सुकलेल्या विटेच्या कडेवर तीन बोटं दाबली, साधं मीठ टाकावं तशी. "मुकादम म्हने, तुमनी खून तीच ऱ्हाऊ द्या, हिशोब तिनावर शे. आनी बाई, नही कयी ते माले झोप नही येस."

सिंगा कुठे, असं विचारायचं त्यांना सुचलं नाही. तो लांब एका झाडाखाली होता, जागाच होता, पण आला नाही.

"बिजलीबाई," पुष्पाबाई म्हणाल्या.  "मुकादमाला तुमची झोपडी मी दाखवली होती. मीच."

"माले मालूम शे. तो सांगे ना समदासले, बाईनी दखाडी म्हनीसन."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर पुष्पाबाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं. बाजूला उभ्या केलेल्या विटांची सावली जमिनीवर दातांसारखी पडली होती. बिजलीबाईने नवा गोळा मळायला घेतला, मग थांबली.

"एक पुसू का? तिना हातनी एखादी वीट शाळामा शे का हो? अठे काही नही ऱ्हायनं. बठ्ठं इकाई गयं."

इथलं सगळं विकलं गेलेलं, आणि शाळेतलं घर मातीला मिळालेलं. पण पुष्पाबाईंना आपलं घर आठवलं. भट्टीवरचा जुना साठा मुकादम आधी काढतो. ट्रॅक्टरमध्ये नव्याजुन्या सगळ्याच आल्या असतील.

"माझ्या घराच्या भिंतीत असेल," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मी शोधते. काढून आणून देते तुम्हाला. उद्याच आणते."

 बिजलीबाईने मान हलवली.

"नही बाई. आमनं घर कोठे शे? पावसायामा डोंगरमा, दिवाईले अठे. कोठे लई फिरू?" तिने गोळा उचलला. "तुमना घरमाच ऱ्हाऊ द्या तिले. तठे सावली शे."

थप्प.

पुष्पाबाई परतल्या तेव्हा गवंडी माल कालवत होता. गिलाव्याचा पहिला हात मारायचा दिवस. त्यांनी त्याला थांबवलं आणि भिंतींना हात लावत सुटल्या. बाहेरून, आतून, शिडीवर चढून. शालिग्राम खालून विचारत होता, काय झालं, काय म्हणाली ती माणसं.  त्या प्रत्येक खळग्यात बोटं घालायच्या आणि काढायच्या. बसली. बसली. बसली. मग आतल्या खोलीच्या दाराच्या वर, चौकटीलगत, एका विटेत बोटं गेलीच नाहीत. करंगळीसुद्धा नुसती टोकापर्यंत गेली.

"एवढी जागा सोडून गिलावा कर," त्या शिडीवरूनच म्हणाल्या.

"बाई, मधेच तेवढं उघडं कसं दिसेल? देवळाच्या कोनाड्यासारखं."

"सोड म्हटलं ना."

शालिग्राम गवंड्याला डोळ्यानेच 'सोड' म्हणाला. आबा खुर्चीतच होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही, पण लेक खाली उतरली तेव्हा त्यांनी तिचा चुन्या-मातीने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धोतराच्या सोग्याने बोटन्‌ बोट पुसून काढलं.

पुष्पाबाईंनी शाळा सोडली नाही. सगळ्यांना वाटलं होतं सोडतील. उलट त्या पूर्वीपेक्षा लवकर यायला लागल्या, पोरांच्या पूर्वीपेक्षा जवळ बसायला लागल्या. केसरचं काम तेव्हा सापडलं. तिला अंबाडीचा दोर वळायचा नाद होता. आठ वर्षांची पोर पायाच्या अंगठ्याला तंतू अडकवून असा पीळ द्यायची की दोन माणसांनी ओढला तरी तुटेना. त्या दोराने ती लांबी मोजायला शिकली, भागाकार शिकली, दोराच्या गाठींवर तिने स्वतःचा एक पाढा बसवला. पुष्पाबाई तिला सगळं शिकवायच्या. फक्त एक करायच्या. दुपारी साडेतीन वाजता दोर कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

प्रदर्शन त्यांनी दोन वर्षं टाळलं. कधी साथ आली म्हणून, कधी मांडववाला मिळत नाही म्हणून. नाना कुरकुरायचे. शेवटी चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात नानांनी परस्परच पाहुणे बोलावले. पुण्याच्या कोणी बाई होत्या, शाळांना मदत मिळवून देणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर जळगावचे दोन साहेब. जीप दुपारी येणार असं सकाळी कळलं.

जीप वळणावर धूळ उडवत आली तेव्हा शाळा नानांना ओळखू येईना. सरकी, साचे, तराजू, कातडी, सगळं पोत्यांखाली. पोरं तीन रांगांत, मांडी घालून, पाट्या मांडीवर. पुष्पाबाई पुढे पट्टी घेऊन उभ्या. आणि वीस पोरं एका सुरात, छप्पर दणाणेल अशी, बे एके बे म्हणत होती.

"पुष्पाबाई!" नाना कानाशी येऊन कुजबुजले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे काय? हे कोणाचं सोंग?"

"शाळा आहे नाना. शाळेत पाढे म्हणतात."

पुण्याच्या बाई खरोखर चांगल्या होत्या. चप्पल बाहेर काढून आल्या, पोरांमध्ये खाली बसल्या, कोणाचं नाक वाहत होतं ते आपल्या रुमालाने पुसलं. त्यांनी पुष्कळ शाळा पाहिल्या असाव्यात, कारण त्यांची नजर पाटीवर न जाता सरळ केसरच्या पायाकडे गेली. अंगठ्यावर दोराचा करकोचा पडलेला, काळा, पक्का.

"हे काय गं लागलं?" त्यांनी मायेने विचारलं. "काय करतेस तू? तुला काय काय येतं, सांग बरं."

केसरचे डोळे चमकले. तिने कपाटाकडे पाहिलं, मग तोंड उघडलं.

"तिला काही येत नाही हो," पुष्पाबाई मधेच म्हणाल्या, मोठ्याने. "कच्ची आहे फार."

केसर त्यांच्याकडे बघत राहिली. तोंड तसंच उघडं. पुष्पाबाईंनी पट्टी पाटीवर आपटली.

"हं, बे दुणे?"

"चार," पोरगी म्हणाली.